आमचीच वाक्यं, त्यांची परवानगी

१२ जानेवारी

प्रिय मामा,
सप्रेम सलाम.

कामापुरता मामा म्हणतात ते आज खरं करते. तब्येतीची चौकशी शेवटच्या ओळीत करीन, आधी माझं भांडण ऐका.

आम्ही काही जण नोकऱ्या सांभाळून ‘सोबत’ नावाचा प्रोग्राम बनवतो, ते तुम्हाला माहीत आहेच. ज्यांना दिसत नाही त्यांना तो पुस्तकं वाचून दाखवतो. जुन्या कॉम्प्युटरवर चालतो, साध्या फोनवर चालतो, इंटरनेट लागत नाही. आणि तो मोकळा आहे, म्हणजे कोणीही घ्यावा, शेजाऱ्याला द्यावा, चूक दिसली तर दुरुस्त करावी. गेल्या सुट्टीत मामीच्या कॉम्प्युटरवर मीच बसवून दिला.

त्यात बायबल आहे, पण शंभर वर्षांपूर्वीचं, कारण तेवढ्याचेच हक्क संपलेत. मामीने दोन वचनं ऐकली आणि बंद केलं. म्हणाली, “हा देव बोलतोय की कोर्टातला कारकून?” तिला तुमच्या समितीचं भाषांतर हवंय. साहजिक आहे. तुमचा आवाज होता तोवर तुम्ही रोज संध्याकाळी तिला तेच वाचून दाखवायचात. घशाच्या ऑपरेशननंतर ते थांबलं. आता घरात एकाला बोलता येत नाही, एकीला दिसत नाही, आणि मधे ते पुस्तक टेबलावर नुसतं पडलंय.

म्हणून मी शास्त्रभाषांतर मंडळाला लिहिलं. इतकं गोड लिहिलं की माझेच दात किडायचे. उत्तर आलं: “सदर भाषांतराचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव आहेत. ज्या प्रोग्राममध्ये नक्कल करण्यास वा बदल करण्यास मुभा आहे, अशा प्रोग्रामसाठी अनुमती देता येत नाही. आपण मंडळाचे अधिकृत ॲप वापरावे.”

वापरून पाहिलं, मामा. आधी खातं काढा म्हणतं. मग तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करायला, ज्या ज्या चौकोनात सिग्नल दिसतो तो निवडा म्हणतं. मामीने! जिला दिसत नाही म्हणून ऐकायचंय, तिला चित्रं निवडायला बसवतात आणि वर त्याला सेवा म्हणतात. माझ्या तर अंगाची लाही झाली.

तुम्ही मंडळाच्या त्या समितीत अर्धं आयुष्य घातलंत. एकदा शब्द टाकून बघा ना.

तब्येत कशी आहे? (विचारलं बरं का.)

तुमची,
ठिणगी


२० जानेवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुला हे नाव ठेवलं तेव्हा वाटलं होतं, वयाबरोबर विझेल. नाही विझली.

तब्येत बरी आहे. आवाज म्हणजे पंक्चर ट्यूबमधून निघणारी हवा. तुझ्या मामीला माझं कुजबुजणं कळतं, पण अख्खा अध्याय कुजबुजायचा म्हटलं की चार वचनांत खोकला येतो. फोनवर तर माझं कोणाला काहीच कळत नाही. त्यामुळे आपलं पत्रच बरं.

आता जरा शांतपणे ऐक. मंडळ म्हणजे काही लुटारूंची टोळी नाही. पूर्वी एका स्वयंघोषित उपदेशकाने आमच्या भाषांतरातली दोन वचनं बदलली, अशी की त्याच्या शिष्यांनी त्याच्यापुढे मान वर करू नये, आणि ते पुस्तक आमच्या नावावर खपवलं. लोक आम्हाला जाब विचारायला दारात आले. तेव्हापासून हक्कांचा कागद कडक झाला, आणि माझ्या मते योग्य झालं. तू तुझा प्रोग्राम हवा तेवढा बदलू दे लोकांना. शास्त्र म्हणजे कोणीही कात्री चालवावी असं कापड नाही.

आणि ‘सर्व हक्क राखीव’ वगैरे वाचून भडकू नकोस. तो वकिली शब्दांचा दोष. आत माणसं आहेत, आणि ती आमचीच आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ. मी स्वतः जाऊन येतो. माझ्या तोंडावर नाही म्हणायची त्यांची छाती होणार नाही.

मामीला नकाराचं बोललेलो नाही. ती रोज विचारते, “ठिणगीचं झालं का काही?” मी नुसती मान हलवतो. तिला ती दिसत नाही, म्हणून मला खोटं बोलावं लागत नाही.

तुझा,
मामा


२९ जानेवारी

प्रिय मामा,

तुमच्या त्या उपदेशकाने हक्क राखीव असतानाच कात्री चालवली ना? नुसत्या नोटिशीने तो थांबला नाही. मग कागद कडक केलात, आणि त्याचा फटका बसला कोणाला? मामीला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तरी तुमची भीती खोटी नाही, म्हणून आम्ही उपाय काढला. शास्त्राचा मजकूर प्रोग्रामपासून वेगळा ठेवायचा. त्यात कोणी एक अक्षर जरी इकडचं तिकडे केलं, तरी ‘सोबत’ वाचण्याआधी मोठ्याने सांगेल की हे मूळचं भाषांतर नाही, आणि मंडळाचं नाव आपोआप गळून पडेल. छापील पुस्तकाला हे कधी जमलं असतं का? मी हे सगळं मंडळाला नीट समजावून लिहिलं. उत्तर एका ओळीचं: “धोरणात बसत नाही.”

अहो, मग धोरणाची खुर्ची मोठी करा की!

मामीसारख्या आणखी कितीतरी जणांची पत्रं येतात. एक निवृत्त नर्स आहेत. त्या लिहितात, आयुष्यभर मरणाऱ्यांच्या उशाशी बसून मी तुमच्या मामांचं भाषांतर वाचलं, आता माझ्या उशाशी बसून वाचणारं कोणी नाही. त्यांना काय कळवू? धोरणात बसत नाही?

गेलात की लगेच कळवा.

ठिणगी


३ मार्च

चि. ठिणगीस,

राग शांत झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं. महिना झाला तरी शांत व्हायचं लक्षण दिसेना, म्हणून तसाच लिहितोय.

मंडळात गेलो. आमच्या वेळी दोन खोल्या होत्या, एक लांब टेबल आणि शब्दकोशांचे ढीग. आता काचेचं दार आहे आणि गळ्यात ओळखपत्र असल्याशिवाय ते उघडत नाही. मी पाटी घेऊन गेलो होतो. मला बोलता येत नाही असं लिहून दाखवलं, तर हक्क विभागातली बाई माझ्याशी मोठ्याने बोलायला लागली. तिच्या मागच्या भिंतीवर आमच्या समितीचा फोटो होता. त्यात मी डावीकडून दुसरा, डोक्यावर भरपूर केस. मी दोनदा बोट दाखवलं. तिला वाटलं, मला पंखा लावून हवाय. तिने लावला.

मग तिने करार काढला. “ही सही आपलीच ना?” माझीच होती. “आपण सहयोगी होतात. भाषांतर मंडळाचं आहे.” सहयोगी! गुडघे बाद होईस्तोवर ज्या टेबलाशी बसलो, तिथे मी सहयोगी.

तरी मदत म्हणून तिने एक सवलत वाचून दाखवली. पाचशे वचनांपर्यंत घेता येतील, मात्र कोणतंही एक पुस्तक पुरं होता कामा नये, आणि दर वेळी खाली हक्कांची ओळ हवी. मी पाटीवर लिहिलं, “म्हणजे माझ्या बायकोने वधस्तंभापर्यंत ऐकायचं आणि पुनरुत्थानाआधी थांबायचं?” तिने वाचलं आणि म्हणाली, “तसंच काही नाही, सर. तुम्ही कुठलीही वचनं निवडू शकता.”

वाईट नाही ती पोरगी. जाताना दारापर्यंत सोडायला आली. पण ज्या संस्थेसाठी मी भांडलो, जिची बाजू तुझ्यापुढे घेतली, तिच्या दारातून मी एखाद्या अनोळखी अर्जदारासारखा बाहेर पडलो.

घरी येऊन मामीला सगळं सांगितलं. म्हणाली, “मला कधीचं माहीत आहे. तुम्ही नुसती मान हलवता तेव्हा खुर्ची करकरते.”

तर आता ऐक. मूळ ग्रीक काही मंडळाला कोणी आंदण दिलेलं नाही. ते सगळ्यांचं आहे. मी नव्याने भाषांतर करतोय, मार्कच्या शुभवर्तमानापासून. माझ्या एकट्याचं, आणि तुझ्या त्या मोकळ्या परवान्याखाली. कोणी कात्री चालवली तर चालवू दे. त्याच्याशी मी देवासमोर भांडेन, पण माझ्या बायकोच्या कानावर कुलूप नको.

अध्याय होतील तसे पाठवतो.

मामा


२२ मे

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला हात धजत नाही.

तुमचे पाच अध्याय ‘सोबत’मध्ये गेले त्या दिवशी मामीचा फोन आला होता. रडत होती. म्हणाली, “अगं, हेच ते. अगदी हेच.” मी आनंदाने नाचले. ‘अगदी हेच’ म्हणजे काय, याचा विचार तेव्हा करायला हवा होता.

काल मंडळाच्या वकिलाची नोटीस आली. त्यांनी तुमचे अध्याय आणि छापील भाषांतर यंत्रात घालून ताडून पाहिलं. बहुतेक वाक्यं शब्दाला शब्द तीच. पुढे धमकी आहे, की मजकूर काढला नाही तर अख्खा ‘सोबत’ बंद पाडू. बायबलच नाही, सगळीच पुस्तकं. आमचे दोन जण घाबरून काम सोडून गेले. मी अध्याय काढून टाकले. नर्सबाईंना कळवलं, त्यांचं उत्तर आलेलं नाही.

मामा, एक विचारते, रागावू नका. लिहिताना जुनं पुस्तक समोर उघडं होतं का? वय झालंय, हातात ताकद नाही, समजू शकते मी. पण मला आधी सांगायला हवं होतं. माझ्यासोबत आणखी माणसं आहेत, त्यांच्या गळ्याशी आलं.

ठिणगी


३० मे

ठिणगी,

आशीर्वाद या वेळी शेवटी. आधी माझा राग घे.

काम सुरू केलं त्या दिवशी ते पुस्तक मी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली तुझ्या मामीच्या हातात दिली. तिला विचार. समोर फक्त ग्रीक होतं. मी ग्रीक वाक्य वाचायचो, डोळे मिटायचो आणि आपल्या भाषेतलं वाक्य यायचं. सरळ, धावत, बोलावल्यासारखं. मला वाटलं, म्हातारपणी देवाने हात मोकळा केला! मला मूर्खाला कळलंच नाही की ती वाक्यं आपली ओळखीच्या वाटेवरून घरी येत होती.

ती येणारच, पोरी. ती मीच लिहिली होती. मी एकट्याने नाही म्हणा. आमच्या समितीची एक रीत होती. पानं लिहून झाली की छापायला जायची नाहीत, आधी वाचून दाखवायची. उपासना संपली की मागच्या बाकांवरच्या बायका थांबायच्या. कपडे शिवणाऱ्या, इस्पितळात झाडलोट करणाऱ्या, घरी मुलं टाकून आलेल्या. मी वाचायचो आणि त्या म्हणायच्या, “असं कोणी बोलतं का हो?” ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं तर वाक्य चुकलं, असा नियम होता. मग त्या जे म्हणत ते आम्ही लिहून घेत असू.

बोटीत प्रभू वादळाला दटावतो, तिथलं वाक्य तर तुझ्या मामीचंच. समिती त्यावर अडून बसली होती. मी घरी येऊन विचारलं, खवळलेल्या समुद्राला काय म्हणायचं? आमची दोन्ही पोरं तेव्हा पलंगावर धुमाकूळ घालत होती. ती त्यांच्यावर डोळे वटारून म्हणाली, “पुरे आता. निजा.” मी फक्त अनेकवचनाचं एकवचन केलं.

तुझं पत्र आल्यावर मी वेगळं लिहायचा प्रयत्न केला. ‘थांब, हलू नकोस’ लिहिलं, ट्रॅफिक पोलीस वाटला. ‘तुझा क्षोभ आवर’ लिहिलं, तुझ्या मामीचा तो कोर्टातला कारकून परत आला. चांगलं वाक्य आधीच जागेवर बसलंय आणि त्यावर मंडळाची पाटी आहे. म्हणजे चोर ठरायचं नसेल तर मी देवाच्या तोंडी मुद्दाम वाईट भाषा घालायची. हा कुठला न्याय? स्वतःच्या डोक्यात जायला मला परवानगी लागते, आणि तू विचारतेस, कुलूप कशाने फोडलंत?

मला फार लागलं ते. मंडळाचं लागलं त्याहून जास्त.

आशीर्वाद आहेतच.

मामा


११ जून

प्रिय मामा,

चुकले. कान धरते, नाक घासते, तुम्ही सांगाल ते करते. नोटीस वाचून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्याचं खापर तुमच्यावर फोडलं. मी परक्याशी भांडता भांडता घरच्यालाच चावले.

आता महत्त्वाचं. मी मंडळाला खरमरीत पत्र लिहिलं होतं, त्याला अनपेक्षित उत्तर आलं. बहुधा त्या पंखा लावणाऱ्या बाईंनी मधे शब्द टाकला. ते मामीला तुमच्या भाषांतराची फाइल द्यायला तयार आहेत. संपूर्ण, सगळी पुस्तकं. ती फक्त तिच्याच कॉम्प्युटरवर उघडेल. परवानगी दर वर्षी नव्याने घ्यायची. बदल्यात तुम्ही लिहून द्यायचं, की नवं भाषांतर कुठेही प्रसिद्ध करणार नाही. फाइल आणि अटी तुमच्या पत्त्यावर पाठवल्यात.

घ्या, मामा. मी हरले. तुमची ठिणगी हे म्हणतेय, यावरून समजा. मोकळं-बिकळं राहू दे सगळं. बाकीच्यांचं पुढे बघू. मामीचं वय थांबणार नाही आणि तिला तेच शब्द हवेत. तिला ऐकू येऊ दे.

होकार सरळ मंडळाला कळवा. मला एक नक्कल पाठवा.

ठिणगी


२ जुलै

ठिणगे,

तू मागितलेली नक्कल खाली आहे. ‘सोबत’ एकेक अक्षर बोलून दाखवतो, तसं मीच टाइप केलंय. यांना वाचायला दिलं, तर चष्मा काढून बसले. तू रागावलीस तर रागाव.

मामी

*

शास्त्रभाषांतर मंडळास,
सलाम.

फोटोत डावीकडून दुसरे उभे आहेत, त्यांची मी बायको. तुमची फाइल मिळाली. खरं सांगते, मी आभाराचंच पत्र लिहायला बसले होते. ते शब्द पुन्हा कानावर पडावेत म्हणून मी किती तळमळले, ते माझं मला ठाऊक.

मग यांनी मला अटी कुजबुजून वाचून दाखवल्या. त्यात लिहिलंय की फाइल मी एकटीनेच ऐकायची, दुसऱ्या कोणाला ऐकवायची नाही. आमच्या शेजारी शिंपीणबाई राहतात. शिवता शिवता त्यांचीही नजर गेली. त्या दुपारी भिंत चाचपत माझ्याकडे येतात. त्या आल्या की मी काय करू? दाराशी पाऊल वाजलं की माणसं भांडण थांबवतात, चहाड्या थांबवतात. शास्त्र थांबवलेलं मी अजून ऐकलेलं नाही. आणि तुमच्या पुस्तकातल्या कितीतरी ओळी याच बाईने मागच्या बाकावर बसून सुचवलेल्या आहेत.

करारावर सही यांची आहे. माझी नाही, शिंपीणबाईंची नाही, त्या बाकांवरच्या कोणाचीच नाही. आमच्या तोंडची वाक्यं नेताना तुम्ही विचारलं नव्हतं, आणि आम्हालाही वाटलं नाही की विचारायला हवं. देवाच्या कामाला कोण परवानगी मागतं? आता तीच वाक्यं ऐकायला आम्ही दर वर्षी अर्ज करायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी म्हण आहे. माझ्यासारखीने ती वापरावी की नाही कळत नाही, पण वापरते. राग आला तर येऊ द्या. मलाही आलाय.

मी कोर्टात येणार नाही. ती वाक्यं ठेवा तुमच्याकडे. वादळाचं वाक्य माझं होतं, तेही ठेवा. ते मी तरुण असताना, दोन पोरांवर ओरडून बोलले होते. आता समुद्र खवळला तर मी तसं बोलणार नाही. आता म्हणेन, “दमलास रे. टेक जरा.” शिंपीणबाई म्हणाल्या, हेच घाला. मग तेच घातलं.

हो, आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. हे ग्रीकमधलं कुजबुजून सांगतात, मी ते मोठ्याने सांगते आणि खोलीभर बायका त्यावर भांडतात. नर्सबाई फोनवरून भांडतात. यांच्या तोंडी जुनं वाक्य आलं की आम्ही यांना गप्प करतो. फार जड जातं त्यांना. परवा एका वाक्यासाठी रडले. मीही रडले, कारण मलाही तेच हवं होतं. पण चार अध्याय झालेत, आणि एकही वाक्य तुमचं नाही. हवं तर यंत्रात घालून बघा.

तुमची फाइल न उघडता परत पाठवते. लिहून-बिहून काही देणार नाही.

आमचं भाषांतर भाचीच्या प्रोग्राममध्ये असेल. तुमच्या ॲपमध्ये घालावंसं वाटलं तर खुशाल घाला. पुस्तक छापा, वाटा. कुठे खटकलं तर सुधारा. त्यासाठी आम्हाला पत्र लिहू नका, दार वाजवू नका, काही विचारू नका. तुमचंही आहे ते.

आपली,
मागच्या बाकावरची एक